मदत हवी आहे: बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळला, पऱ्यात (ओढ्यात) मासे मेले. कळवायचं कुणाला आणि कधीपर्यंत?

खाडीकाठची (रविवार, रात्री ९:१०)

रत्नागिरी तालुक्यात खाडीच्या कडेला आमचा बर्फाचा छोटा कारखाना आहे. बाबांनी सुरू केलेला. आता यंत्रं भाऊ बघतो, कागद मी बघते. फॅक्टरी लायसन्स आहे, एमपीसीबीचं (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट आहे.

काल, शनिवारी, पहाटे साडेचारला रिसीव्हरच्या (द्रव अमोनियाच्या टाकीच्या) तळाचं तेल काढत असताना ऑपरेटरकडून व्हॉल्व्ह जास्त उघडला गेला आणि परत बसेना. तेलामागोमाग द्रव अमोनिया बाहेर. भावाने मास्क चढवून दहा-बारा मिनिटांत मागचा व्हॉल्व्ह बंद केला, तोवर अंगणभर पांढरा धूर. ऑपरेटरच्या डोळ्यांची आग झाली, भरपूर पाण्याने धुतले, दवाखान्यात नेलं, संध्याकाळी घरी सोडलं. सोमवारी कामावर येतो म्हणतोय.

वास वाडीकडे जाऊ नये म्हणून मुलांनी पाइप लावून पाण्याचा मारा केला. ते सगळं पाणी उतारावरून मागच्या पऱ्यात. सकाळी सातला बघतो तर बोय आणि काळुंदरं उलटी तरंगतायत. पऱ्या पुढे खाडीलाच मिळतो, तिथे लोकांची जाळी असतात.

भावाच्या अंदाजाने एका सिलिंडरएवढा, म्हणजे साठेक किलो माल गेला असेल. पूर्ण सिस्टिममध्ये साधारण दीड टन आहे.

आमचे कन्सल्टंट फोनवर म्हणाले, "मर्यादा साठ टनांची आहे, तुम्हाला काहीच लागू नाही." काका म्हणतात गप्प बसा. मला मात्र काल रात्री झोप आली नाही. खरंच काही कळवायचं नसतं का?

———

घाटावरचा (रात्री ९:३२)

काका बरोबर सांगतायत. आमच्याकडे असंच झालं होतं. स्वतःहून पत्र पाठवलं आणि पुढचे आठ महिने नोटिशींना उत्तरं देत बसलो. माणूस सुखरूप आहे ना? मग विषय संपला. मासे काय, उन्हाळ्यात एरवीही मरतात.

———

जुना सेफ्टीवाला (रात्री १०:०५)

ताई, आधी घड्याळ बघा. तुमच्या हातात फार वेळ नाही, म्हणून मुद्द्याचं आधी लिहितो: आज रात्रीच ईमेल करा. एक एमपीसीबीच्या तुमच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, म्हणजे डिशला. दोन्हीकडे प्रत तहसीलदारांना. मग बाकीचं वाचा.

तुमचे कन्सल्टंट अर्धं खरं बोलले. १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत, ज्यात उत्पादन, साठवण आणि आयात तिन्ही येतं. भोपाळनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्याखालचे हे नियम. त्यातल्या दुसऱ्या अनुसूचीत स्वतंत्र साठ्यासाठी अमोनियापुढे ६० टन आणि ६०० टन असे दोन आकडे आहेत. (क्लोरीनचे बघा, १० आणि २५. विष जितकं जहाल तितका आकडा लहान.) चालू प्लँटसाठी तिसरी अनुसूची वेगळी आहे, पण दीड टनवाला तिच्याही जवळपास फिरकत नाही. दोनातला लहान आकडा गाठणाऱ्याला काम सुरू करायच्या तीन महिने आधी जागेची सूचना द्यावी लागते, आवारातला आपत्कालीन आराखडा करावा लागतो, दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम. मोठा आकडा गाठला तर सुरक्षा अहवालही. यातलं तुम्हाला काही नाही, इथवर ते बरोबर.

पण हा साठ्याचा हिशेब झाला. गळतीचा वेगळा. त्याच नियमांतला चौथा नियम कारखान्यातल्या कामासाठी टनांचा आकडा विचारत नाही. रसायन पहिल्या अनुसूचीत बसलं की धोके ओळखा, ते टाळायची व्यवस्था करा, कामगारांना माहिती, प्रशिक्षण आणि साधनं द्या. अमोनिया त्या यादीत आहे. आणि पाचवा नियम म्हणतो की मोठा अपघात झाला तर ४८ तासांत कळवा, नंतर सहाव्या अनुसूचीच्या नमुन्यात अहवाल द्या.

आता तुम्ही म्हणाल, आमचा कुठला मोठा अपघात? इथेच लोक फसतात. व्याख्येत माणूस दगावणं आहे, आवारात दहा किंवा जास्त जखमी किंवा बाहेर एक जखमी हे आहे, आणि पर्यावरणावर वाईट परिणाम हेही आहे. तरंगणारी काळुंदरं कुठल्या रकान्यात जातात ते तुम्हीच ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर वाद घालत बसलो नसतो, सोमवारी पहाटे साडेचारच्या आत मेल गेलेला असता.

आणि पाण्याचा कायदा तर ४८ तासही देत नाही. १९७४ च्या जल कायद्याचं कलम ३१: अपघाताने विषारी पदार्थ ओढ्यात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर गेला तर जागेच्या प्रमुखाने मंडळाला तात्काळ कळवायचं. त्या हिशेबाने तुम्हाला उशीर झालेलाच आहे. मेलमध्ये ते लपवू नका, "काल सकाळी सात वाजता मासे दिसले" असं सरळ लिहा.

घाटावरचे साहेब, नोटिशींचा त्रास मलाही ठाऊक आहे, नोकरीतली निम्मी वर्षं त्यातच गेली. पण इथे जाळी टाकणारे लोक आहेत. त्यांच्यातला एकजण फोटो घेऊन गेला की प्रश्न "गळती का झाली" हा राहत नाही, "लपवली का" हा होतो.

———

खाडीकाठची (रात्री १०:२१)

मेलमध्ये नेमकं काय लिहू? चुकीचं काही लिहिलं तर ते आमच्याच अंगावर येईल अशी भीती वाटते.

———

जुना सेफ्टीवाला (रात्री १०:४०)

एक पान पुरे. वेळ, जागा, कुठल्या भांड्याचा कुठला व्हॉल्व्ह, अंदाजे किती माल (पुढे "अंदाज" हा शब्द लिहाच), कोण जखमी, काय उपचार, पाणी किती वेळ मारलं, ते कुठून कुठे गेलं, मासे कधी दिसले, आता गळती बंद आहे. कारणांची मीमांसा आज नको. "ऑपरेटरची चूक" हे तर अजिबात लिहू नका. व्हॉल्व्ह का बसला नाही ते अजून तुम्हालाही माहीत नाही. तो ऑपरेटर ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखाना निरीक्षकांकडची अपघाताची सूचना वेगळी द्यावी लागते, तेवढं लक्षात ठेवा.

आणि हो, काढलेलं तेल कुठे आहे? ते वापरलेलं तेल म्हणजे घातक कचरा. गावातल्या कुणाला दाराच्या बिजागऱ्यांना लावायला देऊ नका (हसू नका, पाहिलंय). २०१६ च्या नियमांप्रमाणे झाकणाच्या ड्रममध्ये, लेबल लावून, नोंद करून, परवानाधारक रिसायकलरकडे. साधारणपणे ९० दिवसांच्या आत.

———

मीठभाकर (रात्री ११:०२)

मी रसायनशास्त्र शिकवते, कायद्यातलं कळत नाही. पाण्याबद्दल दोन शब्द. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो म्हणून हवेतल्या धुरावर बारीक फवारा मारणं योग्यच. पण जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर थेट धार मारली तर पाण्याच्या उष्णतेने तो भसाभस उकळतो आणि धूर वाढतो. दुसरं, पाणी जितकं अल्कधर्मी तितका अमोनियाचा माशांना मारणारा अंश जास्त. तरी म्हणून पऱ्यात ॲसिड वगैरे ओतायला जाऊ नका, दुसरंच संकट ओढवेल. उद्या उजाडताच पऱ्याच्या वरच्या अंगाचं, कारखान्यामागचं आणि खाडीच्या तोंडाचं अशी तीन बाटल्यांत पाणी भरून, वेळ लिहून, बर्फात ठेवा. बर्फ तर तुमच्याकडे आहेच.

———

खाडीकाठची (सोमवार, दुपारी ३:४५)

मेल रात्री ११:५० ला गेला. सकाळी पोलीस पाटलांना आणि जाळीवाल्यांना भाऊ स्वतः जाऊन भेटला. दोघेजण चिडले, एकाने चहा पाजला. मंडळाकडून फोन आला, उद्या नमुने घ्यायला येतायत, बाटल्या तशाच ठेवा म्हणाले. ऑपरेटर आलाय, पण डोळे अजून लाल आहेत, त्याला परत घरी पाठवलं. तेलाचा कॅन शेडमध्ये उघडाच होता, तो ड्रममध्ये घातला.

काका बोलत नाहीयेत.

सेफ्टीवाले काका, तो तेलाचा व्हॉल्व्ह कसला बसवायचा? भाऊ नवीन आणायला निघालाय.

———

जुना सेफ्टीवाला (दुपारी ४:१०)

आत्ताचा व्हॉल्व्ह आहे तिथेच राहू दे, दुरुस्त करून. त्याच्या पुढे स्प्रिंगचा, हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह जोडा. तेल काढताना माणसाने तो हाताने धरूनच ठेवायचा, तारेने बांधून ठेवायचा नाही. तारेने बांधलेले मी फार पाहिलेत. आणि शेडमागे उताराला एक बांध घाला. पुढच्या वेळी पाणी मारावं लागलं तर ते आधी खड्ड्यात थांबलं पाहिजे. भावाला फोन करून सांगा, दुकानात पोचायच्या आत.