मदत हवी आहे: गच्चीवरचा सागवानी डेक एकाच पावसाळ्यात काळा पडला

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लेही अर्धवट येतात, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

सहकारनगरला आमच्या गच्चीवर यंदा मे महिन्यात १० बाय १२ फुटांचा लाकडी डेक केला. लाकूड विकतचं नाही. नारायण पेठेतला आजोळचा वाडा पाडला तेव्हा मामेभावंडांनी तुळया वाटून घेतल्या, माझ्या वाट्याला तीन आल्या. टिंबर मार्केटात एका वखारीत चिरून घेतल्या. आत जुने चौकोनी खिळे निघाले, पातं दोनदा किंचाळलं, त्याचे पैसे वखारवाल्याने वेगळे लावले. पण सागवान असं, की चिरताना वास रस्त्यापर्यंत. फळ्या साडेपाच इंच रुंद, इंचभर जाड.

आता मुद्दा. याआधी सहा वर्षं मी ॲरिझोनात होतो, फिनिक्सजवळ. घरामागे रेडवुडचा डेक होता आणि त्याची निगा मीच राखायचो, कारण तिथली मजुरी ऐकली की माणूस आपोआप सुतार होतो. पहिल्या वर्षी जूनमध्ये दुपारी चारला ब्रश घेऊन बसलो. हवा ४३ अंश, फळीवर तळहात टेकवत नव्हता. ब्रश डब्यात बुडवून परत येईपर्यंत आधीचा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, सुकलेला. जिथे एक हात दुसऱ्यावर चढला तिथे गडद पट्टा. डेकचा झेब्रा झाला.

मग शेजारच्या आजोबांनी शिकवलं. पहाटे पाचला सुरू करायचं आणि डेकवर ऊन यायच्या आत थांबायचं. खरं तर उन्हाळ्यात हात लावायचाच नाही, मार्चमध्ये नाही तर ऑक्टोबरनंतर. एका वेळी दोनच फळ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये चहाला उठायचं नाही. पंधरा मिनिटांनी फडक्याने पुसून घ्यायचं. लाकूड पिईल तेवढंच त्याचं, वर राहील ते चिकट होऊन बसतं. बिनरंगी सीलर (पाणी अडवणारा लेप) नको, कारण ऊन अडवतं ते त्यातलं रंगद्रव्य. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन, म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारी खळच, मोडतात. उघडं लाकूड राखाडी पडतं ते त्यामुळे. तिथे वर्षाला पाऊस सात-आठ इंच. जुलै ते सप्टेंबरला ते लोकही मॉन्सूनच म्हणतात, पण पावसाआधी धुळीची भिंतच चालून येते.

हे सगळं मी जसंच्या तसं पुण्यात केलं. पहाटे उठलो, पुसून घेतलं, सगळं. तेल तिथल्यासारखं घरीच केलं: जवसाचं तेल (सुतारमामा त्याला बेलतेल म्हणतात), टर्पेंटाईन आणि थोडा सागवानी स्टेन. फळ्यांत फट दोन मिलिमीटर, कारण तिथे लाकूड बसवल्यावर आणखी वाळून आकसतं आणि फट आपोआप रुंदावते. चारही बाजूंनी पट्ट्या मारून खालची पोकळी बंद केली. तिथे विंचवांसाठी करायचो, इथे सवयीने केली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर पाऊल टाकलं तर फळीची कड अंगठ्याला लागली. फळ्या एकमेकींना भिडलेल्या, कडा वर आणि मध्य खाली, पन्हळीसारख्या. मध्यात पाणी साचलेलं. ऑगस्टमध्ये मोहरीएवढे काळे ठिपके आले, मग ठिपके राहिलेच नाहीत, नुसता थर. शिवाय काही डाग वेगळे आहेत, निळसर काळे, गोल, आणि नेमके जुन्या खिळ्यांच्या भोकांभोवती.

सुतारमामा म्हणतात, रंधा मारून सपाट करू आणि वर पीयूचे (पॉलियुरेथेन, चकाकणारा पारदर्शक थर) तीन कोट देऊ, काचेसारखं दिसेल. बायको म्हणते, फरशी बघ. आई विचारतेय की उन्हाळ्यात यावर कुरडया घालता येतील का. पीयू करावं का? काळं कशाने जाईल? आणि कधी सुरू करू? चार दिवस पाऊस नाही, ऑक्टोबरचं ऊन चांगलंच तापतंय. लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र आणलंय, ते १९ टक्के दाखवतंय.

पेठेतला पोपट
तुमच्या आजोळच्या तुळया इतकी वर्षं टिकल्या, कारण त्यांच्या डोक्यावर कौलं होती. तुम्ही त्यांना पावसात उघडं बसवलंत आणि आता विचारताय काळ्या का पडल्या. वहिनींचं ऐका.

लाकूडफोड्या
पोपटराव, कौलांचं म्हणणं बरोबर आहे, पण सागवान उघड्यावर टिकतं. जहाजांचे डेक त्याचेच करत आले आहेत. त्याला पाण्याचं वावडं नाही, कोंडलेल्या ओलीचं आहे.

धागाकर्ते, आधी सुतारमामांना थांबवा. १९ टक्के ओल असताना रंधा मारायचा नाही. फळीचा वरचा भाग उन्हाने वाळतो, खालचा कोंदट पोकळीत ओलाच राहतो, म्हणून कडा वर आल्या आहेत. आत्ता सपाट केल्यात तर पूर्ण वाळल्यावर त्याच फळ्या मध्यात फुगतील. बाजूच्या पट्ट्या आजच काढा आणि खाली वारा खेळू द्या. बरीचशी वाकडी फळी आपली आपण बसते. उरेल तेवढ्यालाच रंधा.

फटीचं गणित सांगतो. मेमध्ये गच्चीवर तापलेल्या सागवानात ओल सात-आठ टक्के असेल, भर पावसाळ्यात सोळा-सतरा. तेवढ्या फरकाने साडेपाच इंची फळी रुंदीत साधारण दोन-सव्वादोन मिलिमीटर फुगते. तुमची फट दोनची. म्हणजे लाकूड वागायचं तसंच वागलं. वाळवंटात ओलं लाकूड बसवून पुढे ते आकसतं, आपल्याकडे मेमध्ये बसवलेलं पुढे फुगतं. एकेक फळी सोडवून कडेला रंधा मारा, फट सहा मिलिमीटरची करा. लांबीचं टेन्शन घेऊ नका, लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही.

पीयू: नको. दिवाणखान्यातल्या टीपॉयवर खुशाल मारा. उघड्या डेकवर तो पापुद्रा होतो. लाकूड हललं की जोडापाशी चीर पडते, तिथून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नाही. मग खालून पांढरं पडून पोपडे सुटतात, आणि पुढच्या वेळी सगळा थर खरवडून काढल्याशिवाय काहीच लावता येत नाही. मुरणाऱ्या तेलाचं बरं असतं, ते झिजतं, सोलत नाही. धुवायचं आणि वरून पुन्हा लावायचं.

तुमची चूक तेल लावण्यात नाही, जवसाच्या तेलात आहे. कोरड्या हवेत ते चालून जातं. इथल्या दमट हवेत बुरशीला ते जेवण. डब्यावर बाहेरच्या लाकडासाठी, अतिनील संरक्षण आणि बुरशीरोधक असं तिन्ही लिहिलेलं, रंगद्रव्य असलेलं तयार तेल घ्या.

मस्कतकर
इथे मस्कतला १० वर्षं आहे, एक भर घालते. वाळवंट म्हणजे कोरडंच असं नाही. इथे समुद्रामुळे उन्हाळ्यातही रात्री रेलिंग ओलं असतं, त्यामुळे काळे ठिपके आम्हालाही भेटतात. काळं दोन प्रकारचं असतं. ब्लीचच्या पाण्याचा एक थेंब डागावर ठेवा. दोन-तीन मिनिटांत फिका पडला तर बुरशी. ढिम्म राहिला तर बहुधा लोखंडाचा डाग, सागवानातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड मिळून होतो तो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. पण ब्लीच आणि ॲसिड एकत्र येता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो. एक काम संपवून भरपूर पाण्याने धुवा, वाळू द्या, मगच दुसरं.

आणि भाऊ, जवसाच्या तेलाची फडकी काय केलीत? बोळा करून कोपऱ्यात टाकली असतील तर नशीब समजा. ते तेल सुकताना तापतं, बोळ्यात उष्णता कोंडते आणि काडी न लावता पेट घेतं. आमच्या बाल्कनीत बादलीतून धूर येताना मी स्वतः पाहिलाय. नवीन तेलाची फडकीही दोरीवर पसरून वाळवा, नाही तर पाण्यात बुडवून ठेवा.

धागाकर्ता
ताई, फडकी गच्चीवर टाकीमागे बोळा करून ठेवली होती. पूर्ण मे महिना. आत्ता जाऊन काढून आलो, घरात कोणाला बोललो नाहीये.

थेंबाची परीक्षा केली. मधला थर लगेच फिका पडला, खिळ्यांजवळचे डाग जागचे हलले नाहीत. रविवार पेठेतून ऑक्झॅलिक ॲसिड आणलं. किती घालू?

लाकूडफोड्या
लिटरभर गरम पाण्याला ६० ते १०० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. हातमोजे, चष्मा. विषारी आहे, डबा आईंच्या सोड्याशेजारी ठेवू नका. पण आधी बुरशी: सोडियम परकार्बोनेटचा क्लीनर मिळाला तर उत्तम, तो ब्लीचसारखा लाकूड खात नाही. नायलॉनचा ब्रश, तोही धाग्याच्या दिशेने. तारेचा ब्रश नको, त्याचे कण लाकडात राहिले की नवीन काळे डाग. प्रेशर वॉशरचाही मोह आवरा, धागे उभे राहतात. मग ॲसिड, शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन परत साधं पाणी.

वाळल्यावर ६० आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्याच्या पुढे जाऊ नका. फार गुळगुळीत केलं की तेल आत जात नाही. सागवानाचं स्वतःचं तेल वर आलेलं असतं, ते थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच लावायला घ्या. फळ्या सुटलेल्याच आहेत तर खालून, कडांना आणि टोकांनाही लावा. टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात आणि सगळ्यात जास्त विसरली जातात.

ओल १४ च्या खाली आल्याशिवाय डबा उघडू नका. माझ्या अंदाजाने दिवाळीनंतर. तुमच्या आजोबांची पहाट मात्र इथे चालणार नाही, नोव्हेंबरात पहाटे दव असतं. सकाळी दहानंतर, फळी कोरडी झाली की, वर जुनी चादर बांधून सावलीत. स्क्रू परत लावताना स्टेनलेसचे.

कुरडया खुशाल घाला, पण चादर आणि प्लास्टिक अंथरून.

धागाकर्ता
तीन आठवड्यांनी परत आलोय. पट्ट्या काढल्यावर खालून ओल्या पोत्यासारखा वास आला, तो आठवड्यात गेला. २२ फळ्यांपैकी १७ आपोआप बसल्या, पाचांना रंधा मारला. सुतारमामा आधी रुसले होते. सहा मिलिमीटरची फट मोजायला त्यांनी स्वतःच पट्टीचा एक तुकडा घासून आणला आणि आता तो कोणाला देत नाहीत. ओल १२. काल पहिल्या चार फळ्यांना तेल लावलं, वीस मिनिटांनी पुसलं. आज पाणी शिंपडून बघायचा मोह झाला, पण डब्यावर ४८ तास लिहिलंय.

एकच राहिलं. जुन्या खिळ्यांची भोकं, चौकोनी, फळीमागे तीन-चार. पुट्टीने बुजवू का?

लाकूडफोड्या
बुजवू नका, एका पावसाळ्यात पुट्टी सुटून येईल. आत लोखंड उरलंय का ते चुंबकाने बघा, असेल तर उपटा. मग कानात घालतो तसं ड्रॉपरने दोन-दोन थेंब तेल.

पेठेतला पोपट
फोटो टाका. वाडा कोणता होता?