पाकीट टाकू नका, लॅमिनेशन तर नकोच

जादूगार पी. सी. सरकारांचं सहीचं पत्र लॅमिनेट करावं का, असं एकाने विचारलंय. कृपा करून करू नका. उष्णतेने चिकटलेलं ते प्लास्टिक परत निघत नाही. माझ्याकडच्या जादूगार रघुवीरांच्या पत्राला एका फ्रेमवाल्याने मागून डिंक फासला. कडा तपकिरी पडल्या, अजून जीव हळहळतो. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे पत्र्याखालच्या माळ्यावरची ट्रंकही नको. आम्लविरहित कागदात (म्हणजे पत्र पिवळं पाडणारं आम्ल ज्यात नसतं अशा) घालून आतल्या खोलीत ठेवा.

पण त्याआधी तारीख बघा. पी. सी. सरकार एकच नाहीत, वडील प्रतुलचंद्र आणि मुलगे प्रदीपचंद्र व प्रभासचंद्र, म्हणजे आद्याक्षरं अगदी तीच! ६ जानेवारी १९७१ ला वडील जपानच्या दौऱ्यावर असतानाच गेले. त्यानंतर लिहिलेलं पत्र वडिलांचं असूच शकत नाही. पत्रावर तारीख नसेल तर पाकिटावरचा टपालाचा शिक्का भिंगाने वाचा. मी तर म्हणेन, पाकीट पत्राइतकंच जपा. आणि सहीच्या शाईवरून बोट फिरवू नका, प्लीज.