मदत हवी आहे : ‘वनटीन’ का नाही, हे मुलांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात पूर्व भागात प्राथमिकच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. थर्टीनपासून पुढे सगळीकडे ‘टीन’ येतं, मग इलेव्हन-ट्वेल्व्हच वेगळे का, असं एका मुलीनं विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे. ‘तसंच पाठ कर’ म्हणून तिला गप्प बसवायचं नाहीये.

मूळ असं : जुन्या इंग्रजीत हे शब्द ‘एंडलेओफन’ आणि ‘ट्वेल्फ’ असे होते. त्यांचा शेवटचा भाग ‘उरणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मॅनिक (इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांचं कूळ) धातूतून आलाय. म्हणजे दहा मोजून झाले आणि एक उरला, दोन उरले. ‘टीन’ मात्र सरळ टेनचंच रूप. लिथुआनियन भाषेत तर अकरापासून एकोणीसपर्यंत हे ‘उरलेले’च चालतं! आपलं अकरा एकादशातून आलं, तिथे एक आणि दहाची बेरीज. एकोणीस म्हणजे एकोनविंशति, विसाला एक कमी. हे मला फारच आवडतं.

माझ्याकडच्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींकडे कन्नड. कन्नडमधलं हन्नोंदु (अकरा) म्हणजे हत्तु (दहा) आणि ओंदु (एक), एवढं मला ठाऊक आहे. तेलुगू बोलणाऱ्या ताई-दादांनो, पदकोंडु (अकरा), पन्नेंडु (बारा), पंदोम्मिदि (एकोणीस) यांची फोड मुलांना कळेल अशी सांगाल का? आणि हे ‘उरणं’ दाखवायला चिंचोक्यांचा वगैरे एखादा खेळ कुणी घेतला असेल, तर तोही जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात घ्यायचा आहे.