डोमेनचं नाव मोकळं आहे की नाही, हे पक्कं कुठे बघायचं?

तिखटजाळ: आमच्या बचत गटाच्या मसाल्यांसाठी 'चुलवण' हे नाव जवळपास ठरलंय. एका डोमेन-विक्रेत्याच्या साइटवर ते मोकळं दिसतं, दुसरीकडे 'प्रीमियम' म्हणून भलतीच किंमत दाखवतात. शिवाय मुदत संपलेलं एक जुनं डोमेन स्वस्तात मिळतंय. पैसे भरण्याआधी काय काय तपासू? आणि कोणत्या क्रमाने?

नोंदवही: विक्रेत्याचा सर्च हा दुकानाचा फलक असतो, नोंदवही नव्हे. डॉट कॉमसाठी आयकॅनचं, म्हणजे डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेचं, लुकअप पान उघडा. ते आरडॅप ही डोमेनच्या नोंदी बघायची नवी पद्धत वापरतं; २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनना हूइज या जुन्या पद्धतीची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे हूइजवर चालणाऱ्या जुन्या साइट्स अर्धवट माहिती देऊ शकतात. डॉट इनसाठी निक्सी या भारतीय संस्थेच्या रजिस्ट्रीचं, म्हणजे मूळ नोंदवहीचं, लुकअप वापरा. ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही म्हणजे नाव मोकळं, असं कधीच धरू नका. नोंदलेल्या कित्येक नावांवर साइटच नसते.

घेतलेल्या नावाची वाट बघणार असाल तर लुकअपमध्ये तारखेपेक्षा 'स्टेटस' वाचा. डॉट कॉमची मुदत संपली की रजिस्ट्री आपोआप एक वर्ष पुढची तारीख लावते. मालकाने नूतनीकरण केलं असं वाटतं, प्रत्यक्षात एक पैसाही भरलेला नसतो. त्यानंतर ४५ दिवसांपर्यंत नूतनीकरणाची वाढीव मुदत, मग ३० दिवस 'रिडेम्प्शन पिरिअड' (मालकाला नाव परत मिळवायची शेवटची संधी), शेवटी ५ दिवस 'पेंडिंग डिलीट' (नाव पुसलं जाण्याची वाट). म्हणजे नाव सुटायला ८० दिवसही लागू शकतात, आणि मधल्या काळात विक्रेता ते लिलावातही काढू शकतो.

अक्षरओळ: माझ्या मते खरी अडचण स्पेलिंगची आहे. 'चुलवण' रोमनमध्ये लिहिताना 'चु'ला यू की डबल ओ, 'ल'नंतर ए हवा की नको, 'व'ला व्ही की डब्ल्यू? इथेच आठ रूपं झाली. चार-पाच जणांना नाव फोनवर सांगा आणि टाइप करायला लावा. बहुतेकांच्या हातून जे उतरेल ते मुख्य ठेवा, त्याच्या जवळचं एखादं घेऊन मुख्य साइटकडे वळवा. आठही घेऊ नका, दरवर्षीचा खर्च गटाला झेपला पाहिजे.

त्याच आठ रूपांनी आयपी इंडिया या सरकारी साइटच्या ट्रेडमार्क सर्चमध्ये शोधा. मसाल्यांचा वर्ग ३०, लोणची २९, ऑनलाइन दुकान ३५. 'फोनेटिक', म्हणजे उच्चारावरून होणारा, शोध जरूर करा, पण मराठी शब्दांसाठी त्याच्यावर विसंबू नका. 'कंटेन्स' (नावात कुठेही ती अक्षरं असलेलं शोधणारा पर्याय) लावून प्रत्येक स्पेलिंग वेगळं तपासा. डोमेन मिळालं म्हणजे नावाचा हक्क मिळाला असं नाही. रेडिफच्या तक्रारीवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये 'रॅडिफ' डॉट कॉम वापरायला मनाई केली होती. फरक एका अक्षराचा होता.

शून्यएक: जुन्या डोमेनबद्दल सांगतो. आधी वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटची जुनी पानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, त्याची वेगवेगळ्या वर्षांची पानं बघा. मधल्या काळात जुगार किंवा औषधविक्रीची पानं दिसली तर सोडून द्या. मग स्पॅमहाउसवर (स्पॅम पाठवणाऱ्या डोमेनच्या याद्या ठेवणारी संस्था) डोमेनची प्रतिष्ठा आणि गूगलच्या सेफ ब्राउझिंगवर (धोकादायक साइट ओळखणारी सेवा) स्थिती तपासा. अशा यादीत अडकलेल्या डोमेनवरून ईमेलने पाठवलेली बिलं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात, आणि कारण महिनोन्‌महिने कळत नाही.

किंमत बघताना पहिल्या वर्षाचा आकडा बाजूला ठेवा. नूतनीकरणाचा दर अधिक जीएसटी, असा पाच वर्षांचा हिशेब मांडा. 'प्रीमियम' किंमत रजिस्ट्रीने लावली असेल तर काही डोमेनमध्ये नूतनीकरणही त्याच चढ्या दराने होतं. आधीचा मालक विकत असेल तर पुढे सहसा नेहमीचाच दर लागतो. हे लेखी विचारून घ्या. आणि कृपा करून नोंदणी गटाच्या नावाने, गटाच्या ईमेलवर करा. साइट बनवणाऱ्याच्या खात्यात नाव राहिलं की त्याच्याशी बिनसल्यावर गटाच्या हातात काही उरत नाही.

तिखटजाळ: आठ रूपांची यादी आजच करते. देवनागरीत 'चुलवण डॉट भारत' घेतलं तर स्पेलिंगचा प्रश्नच मिटेल ना?

अक्षरओळ: पाटीवर आणि पाकिटावर ते छानच दिसेल, जरूर घ्या. डॉट भारत २०१४ पासून आहे आणि मराठी नावं त्यात बसतात. पण एकटं त्याच्यावर राहू नका. काही ठिकाणी लिंक चिकटवली की 'एक्सएन' आणि दोन डॅशने सुरू होणारी अक्षरांची माळ दिसते, आणि देवनागरी ईमेल पत्ता बरेच फॉर्म स्वीकारत नाहीत. ते मुख्य साइटकडे वळवा, ईमेल रोमन डोमेनवर ठेवा.