उन्हाळी सुट्टीत मानधनासह धोरणविषयक फेलोशिप : कोल्हापूरहून अर्ज कुठे करावा?

प्रश्न

मी शिवाजी विद्यापीठात एम. ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात सार्वजनिक धोरणाशी संबंधित एखादी फेलोशिप किंवा इंटर्नशिप करण्याची इच्छा आहे. मात्र वडिलांचे गुऱ्हाळ असून गेल्या दोन हंगामांत गुळाला मनासारखा दर मिळालेला नाही, त्यामुळे परगावी राहण्याचा खर्च घरून मागणे मला प्रशस्त वाटत नाही. वर्गात मुख्यमंत्री फेलोशिप आणि नीती आयोग ही दोनच नावे ऐकू येतात. यांपैकी मानधन कोठे मिळते आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीने नेमका कोठे अर्ज करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद 1

ताई, आपल्याकडे फेलोशिप आणि इंटर्नशिप हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि तेथेच पहिली गफलत होते. 2015 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिप ही पूर्ण वर्षभराची नेमणूक आहे. तिला प्रथम श्रेणीतील पदवी, एक वर्षाचा कामाचा अनुभव आणि 21 ते 26 हे वय लागते, आणि साऱ्या महाराष्ट्रातून 60 जणांची निवड होते. मानधन उत्तम असले तरी उन्हाळी सुट्टीशी तिचा संबंध नाही. खासदारांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिपही पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत चालते, म्हणजे तीही एम. ए. झाल्यावर. नीती आयोगाची इंटर्नशिप किमान सहा आठवड्यांची असून सुट्टीत बसते, परंतु तेथे मानधन नाही.

तुमच्या तिन्ही अटींत नीट बसणारी जागा म्हणजे रिझर्व्ह बँकेची उन्हाळी इंटर्नशिप. अर्थशास्त्र, वाणिज्य, विधी, व्यवस्थापन अशा पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शेवटून दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे, आणि दोन वर्षांच्या एम. ए.मध्ये शेवटून दुसरे म्हणजे पहिलेच वर्ष. अर्ज 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर या काळात घेतात, मुलाखतीनंतर देशभरातून जास्तीत जास्त 125 जण निवडतात, काम एप्रिल ते जुलै या दरम्यान असते आणि दरमहा 20,000 रुपये मिळतात. उन्हाळ्याची चौकशी उन्हाळ्यात करणाऱ्यांच्या हातून ही संधी दरवर्षी निसटते. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा सुरू आहे, तेव्हा तुम्ही वेळेत विचारले आहे.

प्रतिसाद 2

वरील मताशी सहमत आहे. मी दिल्लीतील एका विनामानधन इंटर्नशिपसाठी दोन महिने राहिलो होतो. काम चांगले होते, परंतु खोलीभाडे, डबा आणि मेट्रो मिळून सुमारे 38,000 रुपये गेले आणि शेवटच्या आठवड्यात मामांकडून उसने घ्यावे लागले. परराष्ट्र मंत्रालय इंटर्नना दरमहा 10,000 रुपये देते, पण दिल्लीत तेवढ्यात भागत नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या जाहिरातीही दिसतील. ती कंपन्यांतील कामासाठी आहे, शिवाय पूर्णवेळ शिकणाऱ्यांना तिच्यात प्रवेश नाही.

आणखी एक गोष्ट. ‘पेड’ या शब्दाच्या नादी लागू नये. पदवीच्या वर्षी मी एका संस्थेच्या ‘पेड पॉलिसी इंटर्नशिप’साठी निवडला गेलो, तेव्हा पैसे मीच भरायचे आहेत हे दुसऱ्या ईमेलमध्ये कळले. 3,500 रुपये भरून दोन ऑनलाइन व्याख्याने आणि माझ्या नावात चूक असलेले एक प्रमाणपत्र मिळाले. नोंदणी शुल्काचा विषय निघाला की तेथेच थांबावे.

प्रतिसाद 3

मुलीने रिझर्व्ह बँकेकडे अर्ज अवश्य करावा, परंतु तो सादर करण्यापूर्वी स्वतःचे काहीतरी लिहून ठेवावे. ‘मला धोरणनिर्मितीची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येकाच्या अर्जात असते. उदाहरणार्थ, कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या पूरग्रस्तांना सोनतळीला भूखंड मिळाले, तरीही 2019 आणि पुन्हा 2021 च्या पुरात जुन्या गावठाणातून माणसे बाहेर काढावी लागली. हे असे का घडते, यावर वीस घरांत बसून आठ पाने लिहिता येतील. घर बांधायला पैसा नव्हता की गोठ्याला जागा नव्हती की शेत लांब पडत होते, हे प्रत्येक घरी वेगळे विचारावे. मी विद्यार्थ्यांच्या निवडीच्या मुलाखती घेतल्या आहेत आणि माझा ठरलेला प्रश्न असे : ‘ज्या घराला कुलूप होते, त्याचे तुम्ही काय केले?’ बहुतेकांनी ते घर मोजलेलेच नसते. ज्याने शेजाऱ्याकडे चौकशी करून ‘कुटुंब सोनतळीला गेले आहे’ अशी नोंद केलेली असते, त्याचे टिपण मी पुढे वाचतो. स्थलांतर यशस्वी झालेली घरेच त्या कुलपामागे असतात आणि ती वगळली की निष्कर्ष उलटा निघतो.

रिझर्व्ह बँकेत निवड झाली नाही, तरी हे टिपण वाया जात नाही. पुढे मुख्यमंत्री फेलोशिपला किंवा लॅम्पला अर्ज करताना तेच कामी येईल.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रिझर्व्ह बँकेचा अर्ज भरण्यास घेतला आहे आणि शिफारसपत्रासाठी सोमवारी विभागात भेटणार आहे. आंबेवाडीत आत्याचे घर आहे, तेथूनच सुरुवात करते. सर, एक शंका आहे : ज्यांनी सोनतळीला घर बांधले, पण जनावरांसाठी जुने घरही ठेवले, त्यांची नोंद कोणत्या बाजूला करावी? आत्याचेच तसे आहे.

प्रतिसाद 3

तिसरा रकाना करा, आणि पुराच्या रात्री जनावरांजवळ कोण थांबते, हे आत्यालाच विचारा.