मोठ्या माणसाला सांगायचं की त्यालाच शोधू द्यायचं? (शेतीशाळेवरून)

बांधावरचा_मास्तर
काल एका गटात कुणीतरी लिहिलं, 'मोठी माणसं शिकत नसतात, त्यांना सरळ आदेश द्यावेत.' कपाशीच्या पट्ट्यात बारा वर्षं शेतीशाळा (वावरातच भरणारा शेतकऱ्यांचा वर्ग) घेतोय, त्यामुळे हे काही गिळवलं नाही.

सुरुवातीला मीही पडदा लावून गुलाबी बोंडअळीचं जीवनचक्र दाखवायचो. अंडी, अळी, कोष, पतंग. माना डोलायच्या, चहा व्हायचा आणि उठता उठता एक जण हमखास विचारायचा, 'मग औषध कोणतं मारू?'

आता पडदा गुंडाळून ठेवलाय. सकाळीच वावरात जायचं आणि ज्याने त्याने आपल्या हाताने २० हिरवी बोंडं तोडायची. वरून बोंड ठणठणीत दिसतं, कारण अळी आत शिरली की भोक बुजून जातं. फोडलं की कळतं. २० पैकी २ बोंडांत अळी निघाली तर १० टक्के, म्हणजे फवारणीची वेळ झाली. एका आजोबांनी 'माझं वावर साफ आहे' म्हणून चहाची पैज लावली होती. सहाव्याच बोंडात गुलाबी अळी वळवळत होती. पुढचा तासभर तेच इतरांना दटावत फिरत होते, 'बोलू नका, फोडा!'

माझं मत: मोठ्या माणसाला तयार उत्तर दिलं की ते बांधावरच राहतं.

आकडेमोड
दादा, आजोबा आवडले. पण एका आजोबांवर योजना चालत नाही. एफएओने (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) शेतीशाळा १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावर सुरू केल्या. २००४ मध्ये जागतिक बँकेशी संबंधित अभ्यासकांनी तिथलीच आकडेवारी तपासली. शाळेत गेलेल्यांच्या उत्पादनात आणि कीटकनाशकांच्या वापरात म्हणावा असा फरक त्यांना दिसला नाही. वीस-पंचवीस जणांसाठी अख्खा हंगाम खर्ची घालायचा, त्यापेक्षा वेळेवर एक नेमका मेसेज हजारोंना का पाठवू नये?

कपाशीवाला
मास्तर, राग नका मानू. निंदण पडलं हाये, मजूर भेटत नाई, अन् तुमी मले बोंडं फोडाले लावता. दुकानदार दोन मिंटात डबा काढून देते.

बांधावरचा_मास्तर
@कपाशीवाला भाऊ, दुकानदार डबा देतो, पण तुमच्या वावरात डबा लागतो की नाही हे तो बघायला येतो का?
@आकडेमोड मेसेज आम्हीही पाठवतो: 'सलग ३ रात्री दर सापळ्यात रोज ८ पतंग आले की फवारणी करा.' गेल्या वर्षी विचारत फिरलो, तर निम्म्यांच्या सापळ्यात ल्युर, म्हणजे पतंगांना वासाने ओढणारी गोळीच नव्हती. रिकामा सापळा बघून खूश! मेसेजला हे कुठून दिसणार?

निवृत्त_प्रशिक्षक
मी बँकेत लोकांना शिकवलं, त्यामुळे मास्तरांच्या बाजूने यायला हवं होतं. येत नाही. अनुभवाचं फार कौतुक चाललंय. आमच्याकडे सगळ्यात उशिरा शिकला तो वीस वर्षं लेजर लिहिलेला हेडक्लार्क, कारण त्याचा हात जुन्याच वाटेने जायचा. नोल्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या पुस्तकात मुलांचं शिकणं विरुद्ध मोठ्यांचं शिकणं असा सामना लावला होता. १९८० च्या आवृत्तीत त्यानेच उपशीर्षकातलं 'विरुद्ध' काढलं. नवख्याला, मग तो पन्नाशीचा का असेना, आधी करून दाखवावंच लागतं.

आणि फवारणीचं काय? दोन औषधं एकत्र करू नयेत, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नये, हेही ज्याने त्याने शोधायचं? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली.

बांधावरचा_मास्तर
सर, विषाच्या बाबतीत पूर्ण मान्य. तिथे मी दरडावूनच सांगतो, हातमोजे घालून दाखवतो आणि प्रत्येकाकडून करून घेतो. तिथे चूक करून शिकायला दुसरी संधी नसते. पण फवारायचं की नाही हा निर्णय मात्र मी त्यांच्यासाठी घेणार नाही. ऑगस्टनंतर मी तिथे नसतो, अळी असते.

आकडेमोड
म्हणजे अर्धं सांगायचं, अर्धं शोधू द्यायचं. मग पहिल्या पोस्टमध्ये एवढा आवेश कशाला होता?

कपाशीवाला
थे जाऊ द्या. शाळा शनिवारी नका ठेवू, अमावस्येले ठेवा. त्या दिवशी आमच्याकडे कोणी बैल जुंपत नाई. बोंडं माह्या वावरातली फोडू. चहाची पैज मातर मी लावत नाई.