इंग्रजी मेलमध्ये ‘सिन्स’ की ‘फॉर’? जरा मदत करा की

मंडळी, सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं. आतापर्यंत पट्टी, पावती आणि फोनवर भागत होतं. आता शेठनी दुबईच्या गिऱ्हाइकाला मेल लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. हळकुंडाला ‘फिंगर’ म्हणतात एवढं इंग्रजी धंद्यानं शिकवलं, पुढं सगळा अंधार. काल मसुदा भाचीला दाखवला तर ती हसायलाच लागली. ‘मामा, असं नसतं म्हणत’ एवढंच बोलली आणि क्लासला पळाली.

मी लिहिलं होतं, ‘वुई आर इन धिस बिझनेस सिन्स थर्टी इयर्स.’ तीस वर्षांपासून म्हणजे सिन्स थर्टी इयर्सच की! शाळेतलं तेवढं एक माझं पक्कं होतं.

पुढं ‘सांगली टर्मरिक हॅज गॉट जीआय टॅग इन २०१८’. यावरही नाक मुरडलं. जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन, माहिती तर खरी आहे.

एलसी, म्हणजे पैशांच्या हमीचं बँकेचं पत्र, त्याच्या आधी ‘अ’ की ‘ॲन’? एल व्यंजन, म्हणून मी ‘अ’ टाकला. माल एकच गेला म्हणून ‘गुड्स हॅज’ लिहिलं. आणि ॲपॉस्ट्रॉफीचं तर विचारूच नका, शेवटी ‘एस’ दिसला की मी ती शेपटी लावून मोकळा होतो.

प्रतिसाद १
वाईट वाटून घेऊ नका, ही चूक अस्सल मराठी आहे. आपला ‘पासून’ दोन्हीकडं चालतो, ‘१९९५पासून’ म्हणा नाहीतर ‘तीस वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवात कधी झाली ते सांगायला सिन्स, किती काळ लोटला ते मोजायला फॉर. आणि ‘आर’ही काढा: ‘वुई हॅव बीन इन धिस बिझनेस फॉर थर्टी इयर्स.’

जीआयचं दुखणंही त्याच घरचं. ‘२०१८ साली मिळालं आहे’ हे मराठीत खपतं. इंग्रजीत साल घातलं की ‘हॅज’ उडतो, नुसतं ‘गॉट अ जीआय टॅग इन २०१८’. हॅज हवाच असेल तर साल काढा.

एलसीला अक्षर नका बघू, कान लावा. ‘एल’ म्हणताना आधी ‘ए’ ऐकू येतो, म्हणून ॲन एलसी. पूर्ण लिहिलंत तर अ लेटर ऑफ क्रेडिट. ‘युनिट’चं उलटं, लिहिताना स्वर पण कानाला ‘य’, म्हणून अ युनिट.

गुड्स कायम अनेकवचनी. हॅव.

प्रतिसाद २
ॲपॉस्ट्रॉफी मालकीला किंवा गाळलेल्या अक्षराला. बॅग्ज, रेट्स अशा साध्या अनेकवचनाला नाही. ‘इट्स’ मात्र डांबिस आहे: ‘त्याचं’ म्हणायचं असेल तर चिन्ह नाही, लावलंत तर ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ होतं. मीही कितीदा आपटलोय.

न विचारलेलं एक सांगतो. आपण १२,५०,००० लिहितो, तिकडं तोच आकडा १,२५०,००० असा लिहितात. बिलात एकच पद्धत ठेवा. तारखेतला महिना अक्षरात लिहा, ०५/०६ म्हणजे अमेरिकन माणसाला ६ मे.

धागाकर्ता
लय उपकार झाले! दुरुस्त करून भाचीला दाखवलं, ‘फॉर’ला पास केलं. पण शेवटी ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’ होतं, त्यावर पुन्हा हसली. आता यात काय?

प्रतिसाद १
‘रिव्हर्ट’ म्हणजे मुळात पूर्वस्थितीला जाणं. ‘उत्तर द्या’ या अर्थानं आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतं, पण त्यातही ‘बॅक’ जास्तीचा. सरळ ‘प्लीज रिप्लाय’ लिहा आणि भाचीला भडंग खाऊ घाला.